आईचे औषध आणि गर्भातील बाळ

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रसूतिशास्त्र विभागाच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती प्रसूती झाल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती रुग्णांना सवलत देता आली, याची आकडेवारी अहवालात आपल्यासमोर आहेच. ती वाचून दाखविण्यात मी आपला वेळ घेणार नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसातून अनेकदा एक प्रश्न विचारला जातो, त्याविषयी बोलावे असे मी ठरविले आहे. गर्भवती स्त्री किंवा तिच्याबरोबर आलेली सासू, आई, नवरा हातातली गोळ्यांची पट्टी पुढे करून विचारतात, "डॉक्टर, ही घेतली तर बाळाला काही होणार नाही ना?" या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला निदान पंधरा मिनिटे लागतात. बाहेर रांग उभी असते, आणि आम्ही "घ्या" किंवा "घेऊ नका" एवढेच सांगून पुढचा कागद हाती घेतो. आज मला तो वेळ मिळाला आहे, तेव्हा ते उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न करते.

प्रथम दोन स्त्रियांच्या हकिगती सांगते. दोघींनाही अपस्माराचा, म्हणजे फिट्स येण्याचा विकार होता. पहिलीला दिवस गेल्याचे कळताच घरातील वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "आता त्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." सल्ला प्रेमापोटीच दिलेला होता. तिने गोळ्या बंद केल्या. पाचव्या महिन्यात स्वयंपाक करीत असताना तिला झटका आला आणि ती शेगडीवर पडली. बाळ वाचले, तिच्या हाताची बोटे मात्र पूर्ववत झाली नाहीत.

दुसरी सोळाव्या वर्षापासून व्हॅल्प्रोएट नावाचे औषध नियमितपणे घेत होती. एकही गोळी तिने चुकविली नव्हती. तिचे लग्न झाले, दिवस राहिले आणि चौथा महिना संपताना ती आमच्याकडे आली. सोनोग्राफीत बाळाच्या पाठीचा कणा खालच्या बाजूस उघडा राहिलेला दिसला. तिचे जुने कागद मी चाळले, तेव्हा त्यात माझेच हस्ताक्षर सापडले. लग्नाआधी सहा महिने पाळीच्या तक्रारीसाठी ती आमच्याकडे येऊन गेली होती. ती कोणते औषध घेते याची नोंद मी केली होती. तिचे लग्न ठरले आहे का, हे मात्र मी विचारले नव्हते. त्या बाळाच्या पाठीवर जन्मानंतर शस्त्रक्रिया झाली. आज ते कुबड्यांच्या आधाराने शाळेत जाते. तो न विचारलेला प्रश्न मी विसरू शकलेले नाही, आणि आजच्या भाषणाचे खरे कारण तेच आहे.

एकीने भीतीपोटी औषध सोडले, दुसरीने विश्वासाने चालू ठेवले. दोघींनाही वेळेवर माहिती मिळाली नव्हती. ही माहिती काय आहे, ते आता पाहू.

आईचे रक्त बाळाच्या अंगात जाते असा पुष्कळांचा समज असतो. सर्वसाधारणपणे तसे होत नाही. दोघांची रक्ताभिसरणे वेगळी असतात आणि त्यांच्यामध्ये वार असते. पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात ही वार साधारण अर्धा किलो वजनाची असते. तिच्यात झाडाच्या मुळांसारखे असंख्य बारीक तंतू असतात. त्या तंतूंमधून बाळाचे रक्त वाहते आणि बाहेरून त्यांना आईचे रक्त भिडते. हे सर्व तंतू उलगडून पसरले, तर त्यांचा पृष्ठभाग एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढा, सुमारे दहा-बारा चौरस मीटर भरेल. शेवटच्या महिन्यात गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते. प्राणवायू आणि अन्न याच मार्गाने बाळाकडे जातात, आणि औषधेही याच मार्गाने जातात.

वार ही बाळाभोवतीची अभेद्य भिंत आहे, असे वैद्यकशास्त्रही एके काळी मानीत असे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले, की गर्भारपणाच्या सुरुवातीस आईला रुबेला हा साधा वाटणारा गोवरासारखा आजार झाला, तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते. त्या समजुतीला बसलेला तो मोठा धक्का होता. आज आपण वारेला भिंत न म्हणता चाळणी म्हणतो. ही चाळणी काही पदार्थ अडविते, काहींना वाट देते आणि काहींना स्वतः उचलून पलीकडे नेते.

औषधाचा कण लहान असेल, स्निग्ध पदार्थात विरघळणारा असेल आणि रक्तातील प्रथिनांना फारसा चिकटून राहत नसेल, तर तो सहज पलीकडे जातो. आपण तोंडाने घेतो त्या बहुतेक गोळ्या याच प्रकारात मोडतात. इन्सुलिन व हेपॅरिन यांचे कण मोठे असल्यामुळे ते जवळजवळ पोहोचतच नाहीत. म्हणूनच मधुमेही गर्भवतीला आम्ही इन्सुलिन निर्धास्तपणे देतो. तिची वाढलेली साखर मात्र वारेतून बिनदिक्कत जाते. त्यामुळे "इंजेक्शन नको, बाळाला त्रास होईल" असे म्हणून इन्सुलिन टाळले, तर औषध टळते आणि जे खरोखर बाधते तेच बाळापर्यंत जाते. पहिल्या काही आठवड्यांत अति वाढलेली साखर बाळाच्या हृदयात व मज्जासंस्थेत दोष निर्माण करू शकते.

वारेतील विकरे काही औषधे निकामीही करतात. याचे उत्तम उदाहरण स्टिरॉइड औषधांचे आहे. आईला दमा किंवा संधिवातासाठी प्रेडनिसोलोन दिले, तर वार त्याचा मोठा भाग निष्प्रभ करते आणि बाळाच्या रक्तात आईच्या तुलनेत फार थोडे उतरते. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन ही त्याच कुळातील औषधे मात्र वारेला निष्प्रभ करता येत नाहीत, ती थेट बाळापर्यंत जातात. हाच गुण आपण उपयोगात आणतो. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सिद्ध केले, की अवेळी प्रसूतीची शक्यता असताना आईला बीटामेथासोनचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि बाळ वाचण्याची शक्यता वाढते. आपल्या नवजात शिशुकक्षातून सुखरूप घरी गेलेल्या अनेक अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पहिला उपचार असा जन्माआधी, आईच्या दंडावर वा कमरेवर झालेला असतो. औषध बाळापर्यंत जाणे ही प्रत्येक वेळी आपत्ती नसते, ते कधी वरदानही ठरते. आईला एचआयव्हीची बाधा असल्यास बाळाला ती होऊ नये म्हणून दिलेली औषधेही अशीच उपकारक आहेत. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत झिडोव्ह्युडीन या औषधामुळे बाळाला बाधा होण्याचे प्रमाण शंभरात पंचविसांवरून आठांवर आले. त्यानंतरच्या औषधांनी हे प्रमाण आणखी पुष्कळ खाली आणले आहे.

औषध बाळापर्यंत गेले तर परिणाम काय होईल, हे औषध कोणते, किती आणि कोणत्या दिवसांत घेतले यांवर अवलंबून असते. यातील दिवसांचा हिशेब नीट समजून घेणे आवश्यक आहे. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अपाय मोठा असेल, तर गर्भ बहुधा टिकतच नाही. टिकला तर सहसा निर्दोष वाढतो. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडतात. मज्जारज्जूची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, आणि हृदय त्याच्याही आधी धडधडू लागलेले असते. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून केवळ दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना आपण गर्भवती आहोत याची खात्रीही झालेली नसते. चौथ्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या त्या मुलीच्या बाळाचा कणा उघडा राहण्याची घटना तिने गोड बातमी घरात सांगितली त्याच सुमारास घडून गेली होती. नंतर औषध बदलून तो दोष भरून निघणे शक्य नव्हते.

याच हिशेबाने जगाला फार मोठी किंमत मोजायला लावली आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले. ते इतके निर्धोक मानले गेले, की तेथे सुरुवातीला चिठ्ठीशिवाय मिळत असे. अनेक देशांत गर्भवती स्त्रिया मळमळीसाठी ते घेऊ लागल्या. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या दरम्यान ते घेतले गेले, तर बाळाचे हात-पाय खुंटलेले राहत. जर्मनीतील विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोक्याची सूचना दिली आणि त्या वर्षअखेर जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली होती. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी या अधिकारी स्त्रीने पुरेसा पुरावा नसल्याचे कारण देऊन परवानगी अडवून धरली आणि दडपणाखाली आपली शंका मागे घेतली नाही. त्या देशातील असंख्य घरांवरचे संकट एका प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीमुळे टळले. हे औषध बाळाच्या शरीरात नेमके काय करते याचा धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागायला २०१० साल उजाडले. आज तेच औषध कडक नियंत्रणाखाली रक्ताच्या एका कर्करोगावर आणि कुष्ठरोगातील एका त्रासदायक अवस्थेवर उपयोगी पडते. औषध स्वतः सज्जन वा दुर्जन नसते. कोणाला, केव्हा आणि कशासाठी दिले, यावर सारे ठरते.

आपल्याकडेही असा अध्याय घडला आहे. पाळी चुकल्यावर गर्भ राहिला आहे की नाही हे पाहण्यासाठी संप्रेरकांची जादा मात्रेची मिश्रणे सर्रास दिली जात. महिला संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९८८ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. मुलगाच व्हावा म्हणून गर्भवतीला दिली जाणारी गुप्त औषधे मात्र अजूनही कानावर येतात. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधे घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगे अधिक आढळली. येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांनी हे आपापल्या घरी स्पष्टपणे सांगावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तिसरा महिना उलटला म्हणजे धोका संपला असेही नाही. अवयव घडले तरी त्यांची वाढ चालू असते. रक्तदाबावरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातील गोळ्या गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीचा असल्यामुळे तेही कमी होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल घटू शकते. शेवटच्या तिमाहीत, बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती अकाली आकसू शकते. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी पुष्कळदा हीच असते. टेट्रासायक्लीनमुळे बाळाचे दात कायमचे पिवळसर होतात. स्ट्रेप्टोमायसीन श्रवणशक्तीला बाधक ठरू शकते. मुरुमांसाठी तरुण मुली घेतात ते आयसोट्रेटिनॉइन हे तर अत्यंत घातक आहे. ते घेत असताना दिवस जाता कामा नयेत आणि बंद केल्यावरही निदान एक महिना वाट पाहावी लागते.

ही यादी ऐकून आपण घाबरून जाऊ नये. कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्या शंभर बाळांतही दोन-तीन बाळे काही मोठे व्यंग घेऊन जन्मतात. आपल्या रोजच्या वापरातील बहुसंख्य औषधांमुळे हे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत मात्र ते शंभरात सुमारे दहापर्यंत जाते आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक विकासात अडचणी दिसतात. म्हणून ब्रिटनने २०१८ पासून, गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना हे औषध देण्यावर कडक बंधने घातली. लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरॅसिटॅम यांसारखे पुष्कळ सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. पण ही अदलाबदल दिवस जाण्याआधी, सावकाश आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावी लागते. गर्भारपणात आईचे रक्त वाढते, मूत्रपिंडे जोमाने काम करतात आणि काही औषधांची रक्तातील पातळी खाली येते. म्हणजे काही वेळा मात्रा कमी न करता वाढवावी लागते. थायरॉईडच्या गोळीचेही तसेच आहे.

पॅरासिटामॉलविषयी गेल्या काही काळात बरीच चर्चा झाली. २०२४ मध्ये स्वीडनमधील सुमारे पंचवीस लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची परस्परांशी तुलना केली असता, हे औषध आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. ताप तसाच अंगावर काढणे बाळाला हितकारक नसते. म्हणून ताप वा वेदना असल्यास योग्य मात्रेत, आवश्यक तेवढेच दिवस पॅरासिटामॉल घ्यावे, असेच आम्ही आजही सांगतो.

उपचार न झालेला आजार हाही बाळापर्यंत पोहोचतो, हे आपण लक्षात ठेवावे. क्षयरोग, दमा, फिट्स, उच्च रक्तदाब, थायरॉईड आणि मनाचे आजार यांवरची औषधे "बाळासाठी" म्हणून परस्पर बंद केली, तर बाळाचेच नुकसान होते. क्षयरोगावरची नेहमीची मुख्य औषधे गर्भारपणात देता येतात आणि दिलीच पाहिजेत.

कुटुंबीयांनी काय करावे, ते थोडक्यात सांगते. लग्न ठरले किंवा मूल हवे असा विचार झाला, की चालू असलेली सर्व औषधे एकदा डॉक्टरांना दाखवावीत. त्यात आयुर्वेदिक औषधे, काढे, झाडपाला, मलमे, सारे काही आले. फॉलिक ॲसिडची चारशे मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करावी. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असलेल्या मातांना फॉलिक ॲसिड अधिक मात्रेत दिल्यावर पुढच्या बाळातील दोषाचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटला. चौथ्या महिन्यापासून आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. त्या डब्यात साठवून ठेवण्यासाठी नाहीत. चालू औषध स्वतःहून बंद करू नये आणि नवे औषध स्वतःहून आणू नये. अनवधानाने एखादी गोळी घेतली गेलीच, तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. पट्टी घेऊन आमच्याकडे यावे. अशा बहुतेक भेटींचा शेवट "काळजीचे कारण नाही" या शब्दांनी होतो, हे मी अनुभवाने सांगते.

आता विश्वस्त व देणगीदारांपाशी एक मागणे. त्या मुलीच्या घटनेनंतर आमच्या विभागाने एक साधी पद्धत सुरू केली. दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या पंधरा ते पंचेचाळीस वयोगटातील प्रत्येक स्त्रीच्या कागदावर, ती कोणत्याही विभागात आलेली असो, एक शिक्का मारला जातो. त्यावर एकच प्रश्न आहे: "लग्न किंवा मूल यांचा विचार आहे का?" उत्तर होकारार्थी असेल, तर तिला आमच्याकडे पाठविले जाते. परंतु ती आल्यावर तिच्याशी बोलायला वेळ लागतो. तो वेळ रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. आठवड्यातून एक दुपार केवळ गर्भधारणापूर्व सल्ल्यासाठी राखून ठेवावी, त्यासाठी एक प्रशिक्षित समुपदेशक व एक औषधतज्ज्ञ नेमावा आणि घरी नेता येईल असे मराठीतले माहितीपत्रक छापावे, असा आमचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. देणगीतून घेतलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. एका घाबरलेल्या मुलीशी शांतपणे बोललेल्या वीस मिनिटांवर तसे नाव कोरता येणार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही मी आपल्यापाशी मागते आहे ती हीच मिनिटे.

ती पहिली स्त्री पुन्हा गर्भवती राहिली, तेव्हा दिवस राहण्याच्या आधीच आमच्याकडे आली होती. तिच्या गोळ्या बदलल्या, मात्रा वेळोवेळी तपासली. नऊ महिन्यांत तिला एकही झटका आला नाही. बाळाला घेऊन घरी जाताना तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "मागच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर!" त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. परंतु ते वाक्य पुन्हा कुणावर बोलण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा मी आपल्यासमोर व्यक्त करते.